बडोद्यात दारू सोडायची आहे? पहिल्या मीटिंगपर्यंत पोचायचं कसं

आमच्या बडोद्यात कुणीही जाऊन घ्यावी असं दारूचं दुकान नाही, बार नाही, नाक्यावर गुत्त्याची पाटी नाही. त्यामुळे इथे दारुडाही नाही, असं सगळे धरून चालतात. १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं आणि जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथे तसाच पुढे चालू राहिला. माझा जन्म, शाळा, लग्न, नोकरी सगळं या बंदीच्या राज्यातच झालं, आणि तरी मी चौदा वर्षं प्यायलो. मोबाइलमध्ये बुटलेगरचा नंबर ‘गॅसवाला’ या नावाने ठेवलेला होता, माल स्कूटरच्या डिकीत यायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांतून ‘कंपनीच्या कामाला’ दमणची, म्हणजे जिथे दारूबंदी नाही तिथली, फेरी असायची.

सात वर्षांपूर्वी मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला पहिल्यांदा गेलो. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांना आधार द्यायचा, अशी ही संघटना. त्याआधी पाच महिने मीटिंगचा पत्ता पाकिटात घेऊन नुसता फिरत होतो. आपले मराठी लोक दांडिया बाजारात, राजमहाल रोडला, कारेलीबागेत, मांजलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, एकमेकांना ओळखतात, आणि नेमक्या त्याच कारणाने या बाबतीत कुणी कुणाला काही विचारत नाही. म्हणून हे लिहितोय, म्हणजे ते पाच महिने निदान तुमचे तरी वाचतील. माझं नाव मात्र लिहिणार नाही. वर्तमानपत्र किंवा इतर कुठल्याही माध्यमात सभासदाने आपली ओळख द्यायची नाही, ही ए.ए.ची परंपरा आहे आणि मी ती मानतो.

आपण त्यातले आहोत का?

यात फार वेळ घालवू नका. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावा किंवा डोक्याचा जडपणा जावा म्हणून घ्यावी लागते का? दोन उत्तरं ‘हो’ आली तरी कुणाशी तरी बोलायला हवं. मी फक्त चौथ्या प्रश्नालाच ‘हो’ म्हणालो होतो. बाकी तिन्हींना ‘हो’ म्हणण्याइतका खरेपणा तेव्हा माझ्यात नव्हता.

‘मी इंग्लिशच पितो, देशी नाही’, ‘मी कामावर एक दिवस खाडा केलेला नाही’, ही उत्तरं त्या चार प्रश्नांची नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाहणीत, दारूमुळे त्रासात असलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या भारतीयांचा आकडा ५.७ कोटींच्या वर होता. त्यात कामावर रोज वेळेवर जाणारे किती असतील, याचा विचार करा.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

ही पायरी गाळू नका. विशेषतः तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल तर.

‘आजपासून बंद’ असं ठरवून घरात दार लावून बसणारे शूर वाटतात. पण वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेल्या शरीराची दारू एकदम तोडली तर ते बिथरतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. त्याच्या पुढे, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काही माणसं बरळायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी बोलावतंय असं वाटतं, ताप चढतो. घरचे म्हणतात ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’. बाहेरचं काही नसतं. दारू अचानक तुटल्यामुळे हे होतं आणि यात माणूस जाऊ शकतो. अशा वेळी अंगारा-धुपारा नको, सरळ १०८ ला फोन करा.

हे सगळं औषधाने टळतं. सयाजी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आपण ज्याला एस.एस.जी. म्हणतो तिथे, मनोविकार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. खासगी मनोविकारतज्ज्ञही आहेत. डॉक्टर काही दिवसांची, हळूहळू कमी करत नेण्याची औषधं देतात आणि बी-१ जीवनसत्त्व सुईतून देतात, कारण दारूने ते शरीरातून संपलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होते. डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा. मी अर्धं सांगितलं होतं, औषधही त्या अर्ध्याच्या हिशोबाने मिळालं, आणि तिसऱ्या रात्री बायकोला शेजारच्या काकांना उठवावं लागलं.

‘त्याला न कळवता भाजीत घाला, आठ दिवसांत दारू सुटेल’ अशा पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. वहिनी, मावशी, कुणीही असा, कृपा करून हे करू नका. दारूशी न जमणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ते फक्त माणसाला पूर्ण सांगून, त्याची संमती घेऊन देतात. न सांगता दिलेली गोळी म्हणजे घरात केलेला विषप्रयोग आहे.

ज्यांना दाखल व्हावं लागतं त्यांनी केंद्र निवडताना राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे का, रोज डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारावं. मराठीतच उपचार हवेत असं वाटणारे पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात जातात. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली ते सुरू झालं. पण पुण्याहून परत बडोद्यालाच यायचं असतं, त्याच गल्लीत, ‘गॅसवाला’ असलेल्या त्याच मोबाइलसह. तेव्हा इथली मीटिंग लागतेच.

मीटिंग शोधायची कुठे

ए.ए.ची भारतातली मध्यवर्ती कचेरी मुंबईत आहे आणि तिच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगांची माहिती असते. गूगलवर ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस वडोदरा’ असं टाका. ‘बडोदा’ टाकलंत तर कमी सापडतं. मात्र नुसता पत्ता बघून निघू नका. मीटिंगा भाड्याच्या किंवा मोफत मिळालेल्या खोल्यांत भरतात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारात, दवाखान्याच्या हॉलमध्ये, आणि जागा-वेळ बदलत राहते. आधी फोन करा. चर्चच्या आवारात भरते म्हणजे धर्मांतराचं काहीतरी असेल, अशी शंका माझ्या आईने घेतली होती. तसं काही नसतं. खोली मिळाली, एवढंच त्याचं कारण.

एस.एस.जी.च्या मनोविकार विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे थेट विचारलंत तर बहुधा एखाद्या जुन्या सभासदाचा नंबर मिळतो. हा रस्ता मला सगळ्यात खात्रीचा वाटतो. केंद्र सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. फार अस्वस्थ वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठी-गुजराती दोन्हींत बोलता येतं.

शिवाय मोबाइलवर भरणाऱ्या ऑनलाइन मीटिंगा आहेत. मुंबई-पुण्यात मराठीतून चालणारे ग्रूप पुष्कळ आहेत आणि त्यांच्या काही मीटिंगांना बडोद्यातून बसता येतं. पायाला लागलेल्या माणसाला, लहान मूल असलेल्या बाईला, शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. पण ज्याला शक्य आहे त्याने पहिली मीटिंग खोलीत जाऊनच करावी, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावरून कंटाळा आला की बोटाच्या एका टिचकीत उठता येतं. खोलीतून उठून जायला दोन-चार माणसांच्या गुडघ्यांना चुकवत जावं लागतं, आणि तेवढ्यात माणूस थांबतो.

फोन

माझे पाच महिने इथे गेले.

ए.ए. ज्या माणसामुळे सुरू झालं त्या बिल विल्सनची गोष्ट मला पुढे कळली. न्यूयॉर्कचा शेअर दलाल. १९३५ सालच्या मे महिन्यात ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी सौदा फिसकटला. दारू सोडून पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला फोन. तो फोनकडे गेला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला आणि कुणीतरी दुसरा दारुडा बोलायला मिळेल का, असं विचारत राहिला. त्यातून १२ मे ला डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन भेटला. डॉ. बॉबचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि तीच तारीख ए.ए.चा जन्मदिवस धरतात. भारतात ए.ए. १९५७ साली मुंबईत आलं.

या गोष्टीतलं मला सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू? अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. या दोघांचंही पिणं त्या काळात थांबलं नाही, उलट पोसलं गेलं. बुटलेगर, चोरून साठवलेल्या बाटल्या, घरच्यांपासूनच्या लपाछप्या हे सगळं त्यांनी केलेलं होतं. आपण बडोदेकर ज्या खोड्यात अडकतो, त्याच खोड्यातून आलेल्या माणसांनी हे उभं केलंय.

तर फोन करा. दारू न प्यायलेल्या वेळी, सकाळी करा. काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्या. गुजरातीत एवढंच पुरतं: ‘मारे मीटिंगमां आववुं छे, क्यां ने केटला वाग्ये?’ मराठीत किंवा हिंदीत बोललात तरी काही अडत नाही. आडनाव सांगू नका, कुणी विचारणारही नाही. किती पिता, का पिता, कुणी पाठवलं, हेही विचारत नाहीत. माझ्या फोनला पलीकडच्या माणसाने दोनच वाक्यांत उत्तर दिलं होतं. पहिल्यात पत्ता, आणि दुसरं, ‘पहेलां चा पीवा आवो.’ म्हणजे आधी चहाला तर या.

एक गोष्ट आवर्जून विचारून घ्या, मीटिंग खुली आहे की बंद. बंद मीटिंगला फक्त दारूचा प्रश्न असलेली माणसंच बसतात. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र, कुणालाही सोबत नेता येतं. एकटं जायची हिंमत होत नसेल तर खुल्या मीटिंगपासून सुरुवात करा. बाई असाल तर ‘एखाद्या बाई सभासदाशी बोलायचंय’ असं स्पष्ट सांगा. आपल्याकडे बायकांचं पिणं पुरुषांहून दुप्पट झाकलेलं असतं, आणि वीस पुरुषांच्या खोलीत एकटीने शिरणं सोपं नाही, हे ग्रूपमधल्या लोकांनाही कळतं. बायकांच्या वेगळ्या ऑनलाइन मीटिंगाही असतात.

त्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या माना वळतात असं वाटतं आणि माणूस दारातूनच परततो. मी पहिल्या वेळी तसाच परतलो होतो, सूरसागरच्या काठावर अर्धा तास बसून घरी गेलो.

आदल्या रात्री प्यायला असलात तरी या. त्याच दिवशी प्यायला असलात तर गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत घ्या आणि आत बसून फक्त ऐका. चढलेल्या अवस्थेत एकट्याने रस्त्यावर निघू नका. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोन पुन्हा लावा. सभासदत्वाची अट एकच आहे, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असणं ही अट नाही. हा फरक मला माहीत असता तर ‘आधी महिनाभर सोडून दाखवतो आणि मग जातो’ असं मी स्वतःला सांगत बसलो नसतो.

आत काय होतं

साधी खोली असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखा, भिंतीवर किंवा कापडी बॅनरवर ए.ए.च्या बारा पायऱ्या (दारूतून बाहेर पडायचा मार्ग) आणि बारा परंपरा (ग्रूप कसा चालवायचा ते) गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहिलेल्या. टेबलावर काही पुस्तिका. एक किटली.

मी गेलो त्या दिवशी किटलीशी एक साठीचे गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना कागदी कप काठोकाठ भरून दिले आणि मला अर्धाच. मला राग आला, नवा म्हणून अर्धा चहा! मग कप हातात घेतला आणि कळलं. हात इतका हलत होता की भरलेला कप शर्टावर सांडला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पुढच्याला कप द्यायला वळले. तो अर्धा कप संपवून मी बसून राहिलो.

सुरुवातीला काही वाचन होतं. मग एक छोटी प्रार्थना, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखायची समज मागणारी. त्यानंतर चेअरवर बसलेली व्यक्ती एकेकाला बोलायला बोलावते. प्रत्येकजण आपलं पहिलं नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपल्याच आयुष्याबद्दल बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. तासा-दीड तासात मीटिंग संपते.

तुमच्याकडे पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. पुरे आहे. कुणी भरीला पाडत नाही.

मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यात ज्याला जे वाटेल ते टाकायचं, नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. खोलीचं भाडं, चहा, पुस्तिका यातून भागतं. ए.ए. बाहेरून देणग्या घेत नाही, फी घेत नाही, स्वतःचं हॉस्पिटल चालवत नाही. तेव्हा कुणी ए.ए.च्या नावावर तुमच्याकडे भरतीचे पैसे मागितले तर तो ए.ए. नाही, हे धरून चाला आणि निघा.

देवाचा उल्लेख येतो. पायऱ्यांमध्ये आहे, आणि तो ‘आपल्याला जसा उमजला तसा’ असा आहे. आमच्या ग्रूपमध्ये रोज स्वामी समर्थांच्या मठात जाणारा आहे, रविवारी चर्चला जाणारा आहे, आणि देव अजिबात न मानणारा एक निवृत्त प्राध्यापकही आहे. तो म्हणतो, माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे ही खोली. नऊ वर्षं त्याचं त्यावर निभावलंय. देवाच्या शब्दावर अडून पहिल्याच दिवशी उठू नका, एवढंच सांगतो.

आणि आडनाव नसल्याचा एक परिणाम होतो, तो मला अपेक्षित नव्हता. इथे सगळे ‘अमुकभाई’, ‘तमुकबेन’. मराठी नावालाही भाई लागतं. रिफायनरीतला साहेब, मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.तला फिटर, रिक्षावाला, वकील, सगळे एकाच रांगेत, आणि कोण कुठल्या जातीचा, कुठल्या सोसायटीतला हे कळायला मार्गच नाही.

कुठल्या भाषेत बोलायचं

बडोद्यातल्या मीटिंगा बहुतेक गुजराती-हिंदीत चालतात, इंग्रजीही मिसळतं. आपल्याला गुजराती पाण्यासारखं येतं, तेव्हा समजण्याची अडचण नाही. पण मराठी माणसाला आत एक खंत राहते, हे माझ्या घरातलं, माझ्या आईच्या भाषेतलं दुखणं, ते मी ‘हुं’ आणि ‘छुं’मध्ये कसं सांगू?

माझा अनुभव असा की सुरुवातीला त्याचाच उपयोग होतो. मी पहिलं शेअरिंग गुजरातीत केलं. बायकोच्या मंगळसूत्राची वाटी विकल्याचं मी गुजरातीत सांगू शकलो. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. परक्या भाषेत लाज जराशी लांब उभी राहते आणि तेवढ्या जागेतून खरं बोलता येतं. तेव्हा भाषेचं कारण देऊन मीटिंग टाळू नका. वर्षभराने पुण्याच्या एका ऑनलाइन मराठी मीटिंगमध्ये तेच मी मराठीत बोललो आणि पुरता कोसळलो. आणि त्यानंतर आठवड्याने घरी, स्वयंपाकघरात, बायकोसमोर बोललो. आधी गुजराती, मग मराठी अनोळखी माणसांत, मग घर, असा तो रस्ता माझा झाला.

पोलीस, ऑफिस, नातेवाईक

गुजरातेत हा प्रश्न आधी येतो. दारू बाळगणं, विकणं, परवान्याशिवाय पिणं हा इथे गुन्हा आहे. मीटिंगला जाणं गुन्हा नाही. ए.ए. सभासदांची नोंदवही ठेवत नाही, ओळखपत्र बघत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत तर कायदाच तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मनोविकार धरलेले आहेत, आणि रुग्णाची माहिती काही ठरावीक अपवाद सोडले तर गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटतं. मला दुसऱ्याच मीटिंगला माझ्या मुलाच्या शाळेतले एक शिक्षक भेटले. दोघेही क्षणभर गोठलो. मग लक्षात आलं, तेही त्याच खुर्चीवर बसलेत. बाहेर रस्त्यात भेटलो तर आम्ही नुसती मान हलवतो.

घरच्यांसाठी थोडं

त्याला ओढत आणू नका. रात्री प्यायलेला असताना विषय काढू नका, सकाळी काढा, आणि एकदाच, थोडक्यात. त्याच्या साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून तुम्ही फोन करू नका, तो त्याला करू दे. आणि तुमच्यासाठी स्वतंत्र अल-अनॉन आहे, दारुड्यांच्या घरच्यांचं संघटन. बिल विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ साली ते उभं राहिलं. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने जावं. माझी बायको माझ्याआधी तीन महिने ऑनलाइन अल-अनॉनला बसत होती. मला पत्ताही नव्हता. फक्त एवढं जाणवलं होतं की तिने माझ्या बाटल्या शोधणं सोडलंय, आणि त्याने मी जास्त घाबरलो होतो.

पहिले तीन महिने

एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखादा ग्रूप रुचत नाही, एखाद्याचं बोलणं कंटाळवाणं वाटतं. निदान सहा मीटिंगा करा, जमलं तर वेगवेगळ्या ग्रूपच्या. मग जो जवळचा वाटेल तो आपला धरा. जुने लोक पहिले नव्वद दिवस जवळजवळ रोज मीटिंग करायला सांगतात. बडोद्यात प्रत्यक्ष मीटिंग रोज सोयीची असेलच असं नाही, मधल्या दिवशी ऑनलाइन बसा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्पॉन्सर शोधा, म्हणजे काही वर्षं सोबर (दारूपासून लांब) असलेला, ज्याला कधीही फोन करता येईल असा माणूस. पुरुषांनी पुरुष, बायकांनी बाई.

हे चालतं का, असं आपल्यातले शिकलेले लोक विचारतात. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. बारा पायऱ्यांच्या मार्गाला नीट जोडून दिलेल्यांपैकी वर्षाअखेर पूर्ण दारूमुक्त राहिलेले ४२ टक्के होते, इतर मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे ही जादू नाही. निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात कधी ना कधी पेल्याला हात लावतात. मीही लावला. चौथ्या महिन्यात, चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी मीटिंगला जायची लाज वाटली, म्हणून आठवडाभर गेलो नाही, आणि त्या आठवड्यात रोज प्यायलो. घसरलात तर त्याच दिवशी, त्याच कपड्यांत मीटिंगला या. माझी ही साडेसहा वर्षं त्या आठवड्यानंतरची आहेत.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. ‘गोळी घेतोस म्हणजे सोबर नाहीस’ असं म्हणणारा एखादा भेटतो. तो ए.ए.चं मत सांगत नसतो.

काहीतरी काम मागून घ्या. खुर्च्या मांडणं, पुस्तिका लावणं, कप गोळा करणं. नुसतं ऐकायला येणारा माणूस पाऊस असला की येत नाही. किल्ली ज्याच्याकडे असते तो येतो.

अवघड दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. ३१ डिसेंबर, मित्रांचा दमणचा बेत, लग्नाच्या आदल्या रात्री, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवरचा तो कोपरा, जिथे दोघं-तिघं वेगळे उभे असतात. त्या दिवशी कुठे, कुणाबरोबर असणार हे स्पॉन्सरला आधी सांगा आणि मीटिंग कुठे आहे ते बघून ठेवा. नवरात्रात मात्र निघण्याआधी फोन करा. गरब्यामुळे हॉल मिळत नाही, रस्ते तुंबतात, आणि मीटिंगची जागा किंवा वेळ ऐनवेळी बदलते. मीटिंगमधून घेतलेले तीन-चार नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइल बंद पडतो. एक उचलला नाही तर दुसरा लावा, मग तिसरा. रात्री एकला लावलात तरी कुणी रागावणार नाही. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने तो कधी ना कधी त्या वेळी लावलेला आहे.